हद्दीबाहेर

दापोड्यातल्या गोदामांना ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि जेवढ्या जागेची तपासणी होणार, तिच्या हद्दीची रेघ नकाशावर मारायचं काम आर्किटेक्ट नेत्राकडे आलं होतं.

"झाडं सगळी आत घे," मालक भोईरशेठ म्हणाले. "डिझेलचा जनरेटर तेवढा बाहेर काढ. समज, तो आपला न्हायच."

नेत्राने रेघेला जनरेटरभोवती वळसा दिला. अर्जात लिहिलं, 'हद्दीत जनरेटर नाही.'

तपासणीच्या दिवशी सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण तपासणीचे साहेब आले, झाडं बघून खूश झाले आणि छतावरचं सोलर बघायला एकटेच लिफ्टमध्ये शिरले.

तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली की सोलरही बंद पडायचं. लिफ्ट मधेच अडकली आणि साहेब आतून दार बडवू लागले. नेत्रा शेठना काही सांगणार, त्याआधीच ते वॉचमनवर ओरडले, "नामा, बघतोस काय? पळ, जनरेटर चालू कर."

दार बडवणं थांबलं.

 

मग लिफ्टमधून आवाज आला, "कुठला जनरेटर?"