टोपी घेतो

मालगाडीच्या टाकीतून क्लोरीन गळू लागला आणि नेब्रास्कातलं ते छोटं गाव तासाभरात रिकामं झालं. एकटा म्हातारा एमिल कुबिचेक घर सोडेना. पोलिसांनी हात टेकले, तेव्हा सैन्याच्या विषारी वायूंच्या पथकातली लोरेटा त्याच्या दारात गेली. ती त्याचीच मुलगी. पण आपलं न ऐकता सैन्यात गेली म्हणून त्यानं चार वर्षं तिच्याशी अबोला धरला होता. ओळखलं तर तोंडावर दार लावून घेईल, म्हणून तिनं नाव सांगितलंच नाही. मुखवट्यातून आवाजही भलताच येत होता.

"आजोबा, निघा. वारा इकडे फिरतोय."

"फिरू दे. वाऱ्याला भिऊन कुबिचेक पळत नाहीत. आणि आजोबा कोणाला म्हणता हो?"

"मग बसा इथंच!" लोरेटा चिडून वळली आणि चालू लागली.

"थांब गं," मागून आवाज आला. "टोपी घेतो."

गावाबाहेर रबरी पोशाख धुऊन झाल्यावर सोबत्यानं तिच्या पाठीवरची चिकटपट्टी सोलून काढली.



मुखवट्यात माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून पथकात प्रत्येकाचं नाव तिथं ठळक अक्षरांत लिहितात.