ज्याची साइन, त्याची फेरी

"बाई, लिफ्ट ठीक असल्याच्या दाखल्यावर नुसती एक साइन करायचीय, हात झिजणार आहे का तुमचा?" हॉटेलचा मालक करवादला. उद्घाटन तासाभरावर आलं होतं.

लिफ्टवाल्या मेकॅनिकबाईने तेलकट हात पुसले. "लिफ्टच्या पोलादी दोराच्या काही तारा तुटल्यात. साइन म्हणजे काय कागदावरची नक्षी आहे? साइन म्हणजे मी बघितलं, आता जबाबदारी माझी."

"तुमच्यासारखे छप्पन मिळतात!"

"छप्पन कशाला? तुम्हीच करा की."

मालकाने तिच्या हातातलं पेन ओढून झर्रकन साइन ठोकली.

तिने लिफ्टचं दार उघडून धरलं. "आमच्या धंद्यात ज्याची साइन, त्याची पहिली फेरी. चला, बसा."

मालकाने आत डोकावून पाहिलं. "डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय," म्हणत तो जिन्याकडे वळला.

तिने 'लिफ्ट बंद'ची पाटी अडकवली.