पहिलवानीण चांगली की वाईट?

लेक कॉमिक काढायची. तिची अचाट ताकदीची पहिलवानीण एका अंकात कोसळता पूल खांद्यावर पेलायची, तर पुढच्याच अंकात बँक फोडून पसार व्हायची. संपादक वैतागले. "वाचक बुचकळ्यात पडलेत. ही बाई चांगली की वाईट, ते एकदाचं ठरवा. नाहीतर कॉमिक बंद."

घरी येऊन तिने थेट आईलाच विचारलं. एके काळी आखाडा गाजवलेल्या आईवरूनच तर तिने ती पहिलवानीण बेतली होती.

"वाईटच कर," आई म्हणाली. "चांगल्या बाईला लोक मखरात बसवतात. मला पळायचंय."

लेकीने हसत पेन्सिल उचलली आणि चेहरा नीट दिसावा म्हणून आईची चाकांची खुर्ची उजेडाकडे वळवली.