कोरडी टाकी

धाकटीला नदीत सापडलेला अकीक टॉर्चसमोर धरला की आत कोट्यवधी वर्षं कोंडलेलं पाणी हलताना दिसायचं. तीस वर्षं दगड गोळा करूनही दादाला असा एकही मिळाला नव्हता. दगडांचं प्रदर्शन रविवारी होतं. तिने दगडाच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तो दादाकडे दिला.

"फक्त एवढंच टोक काप हं, दादा, म्हणजे आतलं स्पष्ट दिसेल. आत पाण्यापर्यंत जाऊ नकोस."

"करवत धरायला तुला शिकवलं कोणी गं? आता मलाच शिकव!"

संध्याकाळी ती आली, तेव्हा टेबलावर दगडाचे दोन सारखे तुकडे होते. मधली पोकळी रिकामी होती.

"दादा, हे काय केलंस? पाणी होतं रे त्यात!"

"पाणीबिणी काही नव्हतं, वेडाबाई. भेग चमकत होती. आणि असलंच, तरी करवतीच्या टाकीतल्या पाण्यात ते कळणार कसं?"

तो चहा ठेवायला आत गेला. ती करवतीपाशी गेली. 'टाकीत पाणी नसेल तर करवत लावायची नाही, पातं जळतं,' हा त्याने तिला शिकवलेला पहिला धडा होता. आज पातं काळं पडलं होतं. टाकी घासूनपुसून खिडकीत पालथी ठेवलेली होती. पात्याखाली टिपकागद अंथरला होता, त्यावर दगडाची पांढरी भुकटी आणि मधोमध तळहाताएवढा डाग. डाग वाळत आला होता, पण त्याच्या कडेने दादाने पेन्सिलने नीट रेघ मारून ठेवली होती.