खुर्ची

मुलीच्या खोलीत टायमर घणघणला तसे तपासनीसांनी डोळे मिटले आणि हलकेच घोरायला सुरुवात केली.

खोलीचं दार उघडलं. पावलं स्वयंपाकघरात गेली, मग थेट त्यांच्या खुर्चीपाशी आली. मुलगी वाकली. तिचा श्वास त्यांच्या गालाला लागला. मग पावलं परत फिरली आणि दार लागलं.

तपासनीसांनी एक डोळा उघडला. बाप झोपलाय की नाही, याची खात्री करून गेली कार्टी. पाणी कुठेतरी मुरत होतं.

सगळा जन्म त्यांनी गाडीत तिकिटं तपासली होती. तपासनीसाकडे जो दोनदा बघतो त्याच्याकडे तिकीट नसतं, हे त्यांचं शास्त्र. आणि ही तर अभ्यासाच्या दर सुट्टीत बघत होती. पाण्याचा एक घोट घ्यायची, ग्लास तसाच भरलेला ठेवायची. तहानलेला माणूस असा पाणी पितो होय?

पूर्वी हीच पोरगी पुस्तकात डोकं घालून बसली की जेवायला दहा हाका माराव्या लागत. मध्यंतरी ते न्हाणीघरात घसरून पडले, डोक्याला टाके पडले. त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. इस्पितळातून घरी आले तर हिने हे टायमरचं खूळ काढलेलं. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. म्हणे लक्ष टिकतं. परीक्षेची ही शेवटची संधी, यंदा हुकली की वय उलटलं. आणि हिचं लक्ष भलतीकडे. फोनवर कोणीतरी असणार.

"नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही तुमची," बायको कामावर जाताना म्हणाली होती. "पोरीचं तिकीट तपासू नका."

पण दुसऱ्या दिवशी तपासनीस खुर्चीतून उठलेच. ती खुर्ची म्हणजे चुगलखोर, जरा हललं की करकरायची. ते बेताने उठले आणि गॅलरीच्या पडद्याआड उभे राहिले. आज मुद्देमालासकट पकडायचं होतं.

टायमर वाजला. मुलगी बाहेर आली. हातात फोन नव्हता. तिने रिकामी खुर्ची पाहिली आणि पाण्याकडे न जाता न्हाणीघराकडे धावली. दोन्ही मुठींनी दार बडवू लागली.

"बाबा! बाबा, आवाज द्या!"

तपासनीस पडद्याआडून बाहेर आले. त्यांना पाहून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"अगं, मी इथेच आहे. झालं काय?"

"त्या दिवशी मी घरातच होते, बाबा," ती म्हणाली. "अभ्यासात इतकी बुडाले होते, की तुम्ही पडलेलं मला कळलंच नाही. किती वेळ पडून होतात, कोण जाणे. आता मी स्वतःला तेवढं बुडू देत नाही."

तपासनीसांना फार लाज वाटली. त्यांनी खुर्ची ओढत नेली, तिच्या खोलीच्या दारात ठेवली, टायमर उचलून खिशात घातला आणि ते खुर्चीत बसले. ती करकरली.

"बस अभ्यासाला," ते म्हणाले. "ही करकरतेय तोवर उठायचं नाही."