चौथं गाणं

बिशान भागातल्या फ्लॅटमधली ऋताची खोली आईबाबांनी होती तशीच ठेवली होती. न्यूमोनियाने गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. एका इंग्लिश इंडी पॉप बँडच्या पहिल्यावहिल्या अल्बमची रेकॉर्ड तिने हौसेने घेतली होती, आणि आजारपणातही तीच ऐकायची.

ती गेल्यावर तिची आई सविता रोज दुपारी ती रेकॉर्ड लावायला लागली. एकदा चौथ्या गाण्यात, गिटारच्या मागे, कुणीतरी खोकलं. तो ऋताचा खोकला होता.

"चरा पडला असेल," तिचा नवरा चारुदत्त म्हणाला. पण त्यानेही तो ओळखला होता. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून त्याने तेरा दिवस तोच ऐकला होता.

शेवटी त्याने त्याच अल्बमची नवी, सीलबंद रेकॉर्ड आणली.

"अहो, नका लावू," सविता म्हणाली. "जुनीत निदान ती आहे. हिच्यात नसली तर?"

"नसली तर सुटशील तू."

त्याने सुई टेकवली. चौथं गाणं सुरू झालं. खोकला आला नाही. चारुदत्तने सुस्कारा सोडला आणि सविता ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.

तेवढ्यात गिटारच्या मागे खुर्ची सरकली.

"बाबा, तुम्ही पण आलात?" ऋताचा आवाज खणखणीत होता, कधी आजारीच नसल्यासारखा.

सविताने दचकून वर पाहिलं. चारुदत्त ओठ घट्ट मिटून फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होता.

"हो गं, बाळा," स्पीकरमधून त्याचाच आवाज आला. "आत्ताच आलो."