सुलभाची सीट

सुलभा गेली त्या दिवशी दुपारी तीन वाजता क्वार्टरसमोर गाडी आली. ती भोपाळच्या मेडिकल कॉलेजची होती. दोन माणसं उतरली, त्यांनी एका कागदावर तिच्या नवऱ्याची, सदाशिवची सही घेतली आणि सुलभाला घेऊन गेली. सकाळी पोळ्या लाटता लाटता ती खाली बसली होती. दहा वाजता कारखान्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी मान हलवली होती. सदाशिवचा थोरला भाऊ भालचंद्र नागपूरहून संध्याकाळी पोचला, तेव्हा घरात नुसता दिवा लावलेला होता.

"नेलं? आणि तू नेऊ दिलंस?" भालचंद्र म्हणाला. "अरे, ढोर मेलं तरी माणूस त्याच्यावर मूठभर माती टाकतो."

"तिचीच इच्छा होती, दादा. फॉर्म भरला होता तिने."

ती इच्छा झाली ती मुलीमुळे. आदल्या वर्षी अनुराधा पी.एम.टी.त, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, थोडक्यात राहिली. मग एम.पी. नगरच्या क्लासमध्ये पालकांची बैठक झाली. तिथे बायोलॉजीचे सर बोलता बोलता म्हणाले, की कॉलेजांना देहच मिळत नाहीत. एकेका टेबलाभोवती तीस तीस मुलं उभी असतात, आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. सुलभा ते ऐकून आली आणि आठ दिवसांत देहदानाचा फॉर्म घेऊन आली.

"अनूचं होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. "माझी सीट तर पक्की झाली!"

तिघंही हसले. सदाशिवने साक्षीदार म्हणून सही ठोकली. पंचेचाळीस वर्षांची धडधाकट बाई. सही करायला काय जातं?

सदाशिव कारखान्यात टर्नर होता. देहदान म्हणजे पुढे नेमकं काय होतं, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. त्याच्या डोक्यात एक थंड खोली होती, पांढरी चादर होती, आणि जरा लांब उभं राहून वहीत काहीबाही लिहून घेणारे डॉक्टर होते. सुट्टीच्या दिवशी तो मिनीबसने कॉलेजपर्यंत जायचा. फाटकासमोरच्या टपरीवर एक चहा घ्यायचा आणि परत यायचा. तिला भेटायला जायचं तर दुसरी जागाच नव्हती.

मे महिन्यात अनुराधाने पुन्हा परीक्षा दिली. आई जाऊन तीन महिने झाले होते. ती भाजी फोडणीला टाकायची आणि ओट्याशी उभी राहून पुस्तक वाचायची. एकदोनदा भाजी करपली. सदाशिवने मुकाट्याने खाल्ली. निकाल लागला, तिचा नंबर एकशे बारावा आला. सोनागिरीच्या बाजारात भाजीवाल्यानेही विचारलं, "बिटिया यहीं पढ़ेगी ना?"

"और कहाँ?" सदाशिव म्हणाला.

एवढ्या नंबरावर भोपाळ मिळणारच होतं. अनुराधा घरी त्याबद्दल काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिचं हो आहे, असं त्याने धरलं.

कौन्सेलिंगच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये नंबर पुकारत होते. टेबलामागच्या बाबूने तिचे कागद उलटेपालटे केले. "एक सौ बारह. भोपाल लिखूँ?"

"रीवा," अनुराधा म्हणाली.

बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "बेटा, रीवावाले भोपाल के लिए रोते हैं. घर कहाँ है?"

"यहीं. टाउनशिप में."

सदाशिवने टेबलावरच्या फॉर्मवर तळहात ठेवला. "भोपाळच. अनू, काय चाललंय तुझं? घरी मी एकटा..."

"बाबा, आई तिथे आहे."

"म्हणून तर म्हणतोय!" त्याचा आवाज चढला. मागच्या रांगेतली माणसं बघू लागली. "सहा महिने झाले, परक्या लोकांत पडलीय ती. घरचं एक माणूस नको तिच्याजवळ?"

अनुराधा त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्या बापाला काहीच माहीत नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती त्याच्या कानाशी आली आणि लहान मुलाला समजवावं तशी हळू बोलली.

"बाबा, फेब्रुवारीत आलेला देह याच वर्षीच्या नवीन मुलांना देतात. पहिलं वर्ष त्याचंच असतं. मुलंच कापतात, रोज थोडं थोडं. हातापासून सुरुवात करतात."

सदाशिवने फॉर्मवरचा हात उचलला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"भाई साहब, पीछे लाइन है," बाबू म्हणाला.

"रीवा लिखिए," सदाशिव म्हणाला.

ऑगस्टमध्ये अनुराधा रीव्याला गेली. दर पंधरा दिवसांनी तिचं पत्र येतं. मेसची पातळ डाळ, नळाचं पाणी, खोलीतल्या मुलीचं घोरणं, सगळं त्यात असतं. अभ्यासाचं अक्षर नसतं. तोही विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी आता तो घरीच बसतो. दिवाळीच्या आधी एकदाच तो त्या फाटकातून आत जाऊन आला. तिथल्या क्लार्कने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. मुलांचा अभ्यास संपला की जे उरतं ते घरच्यांच्या हवाली करतात. वर्ष संपू द्या, आम्ही पत्र पाठवू.

वर्ष संपायला अजून पाच महिने आहेत. सुलभाला अग्नी द्यायचा राहिला आहे.